इंदूच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण

इंदू गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं, तेही तिचे दिवस होऊन गेल्यावर. कर्जतच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेत होते. शिपायानं कार्ड हातात दिलं. कोपरा फाडलेला, म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे वाचण्याआधीच कळलं. अक्षर तिच्या यजमानांचं, नानांचं. "सौ. इंदू विषमज्वराने गेली. आपला स्नेह होता म्हणून कळवीत आहे." एवढंच. श्रीगोंदा ते कर्जत अंतर ते किती, आणि कार्डाला दोन आठवडे लागले! रडू मागाहून आलं. आधी आला तो संताप.

पुढच्या रविवारी श्रीगोंद्याला गेले. ज्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघींनी सहा वर्षं शिकवलं, तिथं शोकसभा होती. तिच्या पुरणपोळ्या, तिचं भरतकाम, तिचं वळणदार अक्षर, सगळ्याचं कौतुक झालं. कादंबरीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मीच उठून म्हणाले, "इंदूनं एक कादंबरी लिहिली आहे." त्यावर मुख्याध्यापिकाबाई हळहळून म्हणाल्या, "हो ना, बिचारीची ती अर्धवटच राहिली." अर्धवट... त्या एका शब्दासाठी मी हे लिहायला बसले आहे.

इंदूचं आजोळ शिंगणापूरजवळचं. घरांना दारं नसलेलं गाव तिनं लहानपणापासून पाहिलेलं. 'कडी नसलेले घर' ही तिची पहिली आणि एकुलती कादंबरी अशाच एका गावात घडते. सुभद्रा नावाची तरुण शिक्षिका तिथं बदलून येते. घराला दार नाही, म्हणून भीतीही नाही, असं गावकरी तिला सांगतात. पण ती शाळेत गेली की कुणीतरी घरात येऊन जात्यावर चिठ्ठी ठेवून जातं. दरम्यान जमीन मोजायला आलेल्या एका माणसावर तिचा जीव जडतो, आणि मग तिच्या ध्यानात येतं की चिठ्ठ्यांतल्या काही गोष्टी तिनं फक्त त्यालाच सांगितल्या होत्या. आधीची शिक्षिका गाव सोडून कुठं गेली, हेही कुणी धड सांगत नाही. प्रेम आणि संशय एकाच ताटात जेवायला बसावेत, तशी ही कादंबरी आहे. मी बाड हातात घेतलं ते चुलीवरचा भात करपल्याचा वास आला तेव्हाच खाली ठेवलं.

नानांना इंदूनं नगरला एकटीनं जाणं पसंत नव्हतं. माझं माहेर नगरचं, म्हणून बाड मीच छापखान्यात नेलं. युद्धाचे दिवस, कागदावर कंट्रोल. दोन महिन्यांनी गेले तर मालक म्हणाले, "बाई, कागद संपला. एकच प्रकरण राहिलंय. पुढचा कोटा कधी मिळेल ते देव जाणे. थांबायचं, की आहे तेवढं बांधून टाकू?"

"आणि शेवट?"

"कागद आला की वेगळी पुस्तिका काढू. शब्द देतो."

मी म्हणाले, बांधा. इंदूला विचारलं नाही. तिचं पुस्तक लवकर तिच्या हातात पडावं, एवढीच मला घाई झाली होती... पुस्तक आलं. सुभद्रेला अंगणात पावलं ऐकू येतात, ती मागे वळते, आणि त्याच्याखाली त्या गृहस्थांनी ठळक अक्षरांत 'समाप्त' छापलेलं! पुढे कागद आला, पण त्यावर पंचांगं छापली गेली, लग्नपत्रिका छापल्या गेल्या. पुस्तिका निघाली नाही. बाडही हरवलं म्हणाले. एका साप्ताहिकानं लिहिलं, 'लेखिकेस शेवट सुचलेला दिसत नाही.'

इंदू हसली. शेवट विचारायला घरी येणाऱ्या प्रत्येकीला ती तो तोंडी सांगायची. मळ्यातल्या भागूबाईंना वाचता येत नव्हतं, लेकीनं वाचून दाखवलेलं. त्या भाजीची पाटी डोक्यावर घेऊनच दारात उभ्या राहिल्या. "मास्तरीनबाई, त्यी पावलं कुनाची हुती? लई घोर लागलाय बगा. आमच्या मालकास्नी बी झोप न्हाई." इंदूनं पाटी उतरवून घेतली आणि अर्धा तास सांगत बसली. मी मात्र जळफळत होते.

गेल्या दिवाळीत तिच्या स्वयंपाकघरात मी तिला फाडफाड बोलले. "किती जणींना सांगत बसणार आहेस? जाऊन भांड की त्या माणसाशी!"

ती करंज्यांना मुरड घालत होती. मान वर न करता म्हणाली, "बांधा असं त्यांना सांगितलं कुणी गं?"

तीन वर्षांत एकदाही तिनं हे तोंडातून काढलं नव्हतं. मी फराळाला हात न लावता निघून आले. नंतर पत्र लिहायचं राहिलं... नाही, मी लिहिलं नाही.

शोकसभेनंतर मी तिच्या घरी गेले. नानांनी माजघरातल्या खिडकीशी असलेलं तिचं टेबल दाखवलं. "आजारी पडेपर्यंत इथंच खरडत असायची," ते म्हणाले. खणात दोऱ्यानं शिवलेले कागदांचे गठ्ठे होते. प्रत्येकात तेच, शेवटचं प्रकरण. आठवून आठवून, पुन्हा पुन्हा हातानं लिहिलेलं. वर नावं: भागूबाईंच्या लेकीचं, वाचनालयाचं, त्या साप्ताहिकाच्या संपादकांचंसुद्धा. म्हणजे ती नुसती हसत नव्हती. मला मात्र काही बोलली नाही. बोलणार तरी कशी, मी कधी सरळ विचारलं होतं?

ज्यांच्यापाशी 'कडी नसलेले घर' आहे त्यांनी मला कर्जतच्या शाळेत लिहावं. शेवट मी स्वतः उतरवून पाठवीन. ज्यांनी वाचली नाही त्यांनी मिळवून वाचावी. शेवट इथं सांगणार नाही. तो तिच्याच शब्दांत वाचायला हवा.

मी ते कागद चाळत बसले होते, तेवढ्यात नाना दारात आले. चष्मा कपाळावर, हातात कादंबरी, शेवटच्या पानात बोट.

"ती गेल्यावर वाचायला घेतली," ते म्हणाले. "आत्ता संपली. ताई... अंगणात तो कोण होता हो?"

माझ्या तोंडावर आलं होतं, तीन वर्षं ती इथंच होती, नाना, या टेबलाशी. पण मलाही तेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी एक गठ्ठा उचलून त्यांच्यापुढे धरला. ते तिच्या खुर्चीवर बसले, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून, लहान मुलासारखं पुटपुटत वाचू लागले.