नमुन्याचं काळीज

निलंग्यात आमच्या शेजारी ऊसवाले मामा राहतात. लातूरच्या एका दवाखान्यात एमआरआय मशीनवर हृदयाचा अभ्यास चालला होता. आजारी हृदयांशी ताडून बघायला तिथं काही निरोगी हृदयं हवी होती. त्यात मामांचं निवडलं गेलं. तेव्हापासून मामा आपलं काळीज तळहाताच्या फोडासारखं जपतात.

भावानं बांध कोरला, तरी मामा नुसते बघत राहिले. मला म्हणाले, "आता भांडायचं न्हाई, गुरुजी. माझं बिघडलं तर समद्या जिल्ह्याचं माप चुकंल." लेकीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि मामा, मशीनमध्ये शिकवल्यासारखे, श्वास रोखून उभे होते.

मागच्या महिन्यात त्याच दवाखान्यात माझाही एमआरआय झाला. रिपोर्ट घेऊन मी ओट्यावर बसलो होतो.

"काय निघालं?" मामांनी विचारलं.

"हृदय मोठं झालंय म्हणतात. निरोगी माणसापेक्षा."

मामा माझ्या शेजारी येऊन बसले. रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"तुमचं बराबर हाय," ते म्हणाले. "मोजायच्या दिवशी मी भावासंगं भांडून गेलतो. माझंच आकसलं असंल."

"मामा, तसं नसतं हो."

"गप बसा. गोळ्या चालू करू नका."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा लातूरला गेले, काळीज पुन्हा मोजून घ्यायला.

मी गोळी घेतली. पण संध्याकाळी लातूरची एसटी यायच्या वेळेला ओट्यावर येऊन बसलो.