युनियनची कणगी

हल्ली कुठल्याही युनियनचं नाव निघालं की लोक डोळे मिचकावून विचारतात, वर्गणीचं काय होतं हो? आमच्या युनियनच्या वर्गणीचं काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती झरीला, आमच्याच घराच्या कोपऱ्यात उभी होती.

गवत कापणाऱ्यांची युनियन होती ती. रोख पैसा कुणाकडेच नसे, म्हणून झोडणी झाली की दर घराने एक पायली भात द्यायचं. ते बांबूच्या मोठ्या कणगीत साठवायचं आणि एकाच कामी खर्च करायचं. दसऱ्यानंतर गवताचा संप झाला, तर संपकऱ्यांनी ते खायचं. आदल्या साली चुली थंड पडल्या म्हणूनच संप मोडला होता. कणगीचं तोंड शेणामातीने लिंपत आणि ओल्या लिंपणावर कमिटीतला प्रत्येकजण आपला पंजा उमटवी. कुणी चोरून उघडली तर लगेच कळावं, म्हणून. राखण बाबांकडे होती. त्या पंजांत एक माझ्या थोरल्या भावाचा होता. विळ्याने दादाचं एक बोट आखूड झालेलं, त्यामुळे तो पंजा लगेच ओळखू येई.

मी कोसबाडहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. भादवा लागला आणि घरोघरचं धान्य संपलं. शेतातलं भात अजून हिरवं होतं. आम्ही कडूकंद उकडून, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून, मग खायचो. तरी घसा खाजायचाच. पाठीशी भाताने भरलेली कणगी आणि पुढ्यात कडूकंद, असं जेवण मी जेवले आहे. माझं दूध आटायला लागलं, तेव्हा बाबांचा मला इतका राग आला की मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं.

दादाचं बिऱ्हाड शेजारच्या झोपडीत होतं. पोरं लहान होती. एका सकाळी तो आला आणि कणगी थोडी उघडा म्हणाला, आपल्यासाठी नव्हे, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्या प्रत्येकासाठी. बाबा म्हणाले, आज पोटच्या पोराने मागितलं म्हणून उघडली, तर उद्या वर्गणी कोण देईल? दादा कणगीपाशी उभा राहिला.

"संप दसऱ्याला नाय मोडत, बाबा," तो म्हणाला. "तो आठंच मोडतो, कणगीपाशी, भादव्यात."

सभा भरली. उपाशी माणसांनीच हात वर करून कणगी बंद ठेवायचं ठरवलं. नियम वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त संताप येत होता.

ज्याचं गवत आम्ही कापायचो त्या शेठकडे दादा गेला आणि खावटी घेऊन आला. खावटी म्हणजे पावसाळ्यात खायला नागली, आणि तिच्या बदल्यात सगळा हंगाम शेठचं गवत जुन्याच दराने कापायचं. त्याच्यामागून आणखी काही घरंही गुपचूप गेली. वहिनीने बाळंतिणीसाठी म्हणून त्या नागलीची भाकरी मला पाठवली. मी ती बाबांसमोर बसून खाल्ली.

दसरा झाला आणि संप सुरू झाला. बाबांनी कोयत्याने लिंपण फोडलं. सगळ्यांच्या पंजांचा खाली पडून चुरा झाला, दादाच्याही. तो तेव्हा डोंगरावर शेठचं गवत कापत होता. घरोघर भात वाटलं गेलं आणि या वेळी लोक टिकले. शेठ लोकांनी दर वाढवला. मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारं गवत वखारीत पुन्हा येऊ लागलं, युनियन जिंकली, आणि कणगी अर्धीअधिक भरलेलीच राहिली.

संप मोडणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. बाबांनी ते इतरांपेक्षा जास्त पाळलं. दादा बांधावरून हाक मारी आणि बाबा मान वळवत. गवत संपलं तसा दादा उंबरगावच्या पलीकडे मिठागरावर कामाला गेला; वहिनी आणि पोरं झरीलाच राहिली. सुरुवातीला निरोप यायचे. मग तेही थांबले.

पुढच्या भादव्यात मी पुन्हा माहेरी होते. बाबा सभेत उठले आणि म्हणाले, कणगी आता भादव्यातही उघडू, घराला एक पायली. कुणी विरोध केला नाही. पहिली पायली त्यांनी वहिनीला बोलावून तिच्या टोपलीत ओतली.

वहिनीने भातात हात घातला, जुने पडलेले दाणे बघितले.

"हे गेल्या भादव्यात आठंच होतं ना?" तिने विचारलं.

घराला एकच पायली, हे बाबांनीच ठरवलेलं. तरी ते वाकले, दुसरी पायली भरली आणि तिच्यापुढे धरली. वहिनीने टोपली उचलली आणि ती निघून गेली. बाबा भरलेली पायली धरून तसेच उभे राहिले.