देव अमर, पण सोयीने

१९९४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि काशीतले एवढे देव कमी पडले म्हणून घरी बसून नवे बनवणारा माणूस मी उभ्या जन्मात तेवढा एकच पाहिला. संकठा घाटाजवळच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचे ते बँकेतले साहेब. भाच्याने विलायतेहून धाडलेला एक खेळ त्यांच्याकडे होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. साहेब गोष्ट सांगणार, आपण त्यातला एकेक माणूस व्हायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून तो जगला की मेला ते बघायचं. रविवारी दुपारी साहेब, त्यांच्या घरातल्या वहिनी आणि मी. वहिनी चोर, मी नावाडी. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, पण यात्रेकरूंच्या पंगतींना जन्मभर रांधलंय. देवाधर्माचं मला कुणी शिकवू नये.

गोष्टीतले सगळे देव साहेबच व्हायचे, पण त्यांना ते सांभाळता येत नसत. युद्धाचा देव बोलायला लागला की तोंडातलं पान आमच्या अंगावर. आधी म्हणाले, देव अमर. पुढे त्याच देवाला एका गुराख्याने भाल्याने मारलं. मग तोच एका लग्नात जिलब्या खाताना दिसला.

"साहेब, हा मेला होता ना?"

"तो त्याचा अंश होता, आबा."

"अंशाला एवढी भूक?"

वहिनी म्हणाल्या, "ह्यांचंही तसंच आहे. उपास हे करतात, कचोरी ह्यांचा अंश खातो."

दुसरा नियम, भक्त संपले की देव संपला. आणि एक देवी, जिला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं, ती चांगली गुबगुबीत! मी म्हटलं, हिला नैवेद्य कोण पोचवतो? साहेब वैतागले. "आबा, खेळ आहे हो, शास्त्रार्थ नाही."

"काशीत दोन्ही एकच."

मग साहेबांची बदली आली. दोनच रविवार उरले. त्यातल्या पहिल्यालाच माझा फासा वाईट पडला, नाव उलटली, नावाडी बुडाला. साहेब मोठ्या मनाने म्हणाले, "घाबरू नका, मृत्यूच्या देवाकडून परत आणतो."

मला राहवेना. "कसा आणाल? गोष्टीतलं हे शहर काशीच्याच नमुन्यावर केलंय, तुम्हीच सांगितलंत. काशीत मेला तो सुटला. तिथे यमाचं चालत नाही, तुमचा हा देव कोण लागून गेला?"

साहेबांनी फासा खाली ठेवला. मग हात जोडून म्हणाले, "जिंकलात आबा. नावाडी मुक्त झाला. पुढच्या रविवारी नुसते बसा, चहा घ्या."

नुसते बसा! वहिनी हळूच म्हणाल्या, "परत यायला तुमचं काय जातं हो?" मी म्हटलं, "तत्त्व म्हणजे तत्त्व," आणि जिना उतरलो. खाली आलो तरी वरून फाशाचा खडखडाट ऐकू येत होता. ह्या वयात "आबा, आता तुमची पाळी" म्हणणारं मला दुसरं होतं तरी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दाढी करत होते, तेव्हा वर जाऊन मी त्यांना सांगितलं, "नाव उलटली ती गंगेच्या पलीकडच्या काठाला. तिकडे मेलेला सुटत नाही, पुढच्या जन्मी गाढव होतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. रविवारी मी गाढव म्हणून येतो."