देवीच्या दाखल्यावरचं नाव

सर्व्हिस मोटार तिसगावच्या वेशीशी उभी राहिली, तेव्हा आई रडत होती आणि मी टपावर बोचकी बांधणाऱ्या माणसाकडे बघत होते. तो गाठ कशी मारतो ते मला बघायचं होतं. आईला वाटलं असेल, पोरगी दगडाची आहे. तसं नव्हतं. जीव घाबरला की मी बारीकसारीक गोष्टी बघत बसते, ही माझी लहानपणापासूनची खोड. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापडात शिवलेला एक कागद माझ्या हातात दिला. आबा शिंपी. कागद द्यायचा तरी त्याला टाके घालणारच.

"ठके, बाकी काय बी हरवू दे," ते म्हणाले. "ह्यो कागद तेवढा सोडू नगंस. म्या सोता हुबं राहून लिवून घेतलाय."

तो देवी टोचल्याचा दाखला होता. तो नसला तर मिसर म्हणजे इजिप्त देशात उतरू देत नाहीत, असं आमच्या ह्यांनी पोर्ट सैदहून कळवलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे फौजेचे शिंपी म्हणून लढाईवर गेले. लढाई संपली, पलटण परतली, पण हे तिथल्याच एका हिंदी दुकानात शिवणकामाला राहिले. पाच वर्षं मी त्यांना पाहिलं नव्हतं. चेहरा आठवायला जावं तर मुंडावळ्याच आठवायच्या.

परदेशी जायला काय काय लागतं, याची तेव्हा मला भारी गंमत वाटायची. पासपोर्टसाठी नगरला, माझ्या सासरी, धाकटे दीर मला फोटोवाल्याकडे घेऊन गेले. फोटोवाला म्हणाला, पदर मागे घ्या. मी दिराकडे बघितलं, दिरांनी भिंतीकडे बघितलं. मग कचेरीत कारकुनानं माझी उंची मोजली, डोळ्यांचा रंग विचारला. माझ्या डोळ्यांना रंग आहे हे मला त्या दिवशी कळलं. ओळखीची खूण म्हणून त्यानं कपाळावरचं गोंदण लिहिलं. त्यानंतर पोलीस चौकशीला आला, तर आळीत बोभाटा झाला की शिंप्याच्या सुनेनं काहीतरी केलंय. मुंबईला मिसरच्या वकिलातीत ह्यांच्या मालकाचं पत्र दाखवावं लागलं, की ही बाई आली तर उपाशी राहणार नाही. एका बाईनं नवऱ्याकडे जायचं तर दोन सरकारांना इतकं सगळं माहीत असावं लागतं, याचं मला नवल वाटायचं. अजूनही वाटतं.

बोटीवर माझ्या खोलीत एक पारशी नर्सबाई होती, विलायतेला निघालेली. तिला मुंबईचं मराठी येत होतं, म्हणून माझं निभावलं. पोर्ट सैद आलं तशी मी कठड्याशी उभी राहून धक्क्यावरच्या माणसांत ह्यांना शोधू लागले. तेवढ्यात मिसरचा डॉक्टर बोटीवर चढला. मुंबईच्या गोदीत नुसता दंडावरचा वण बघितला होता, याला कागद हवा होता. मी टाके उसवून दाखला दिला. त्यानं तो पासपोर्टाशेजारी धरला आणि नकाराची मान हलवली.

नर्सबाई म्हणाली, "हा म्हणतो, दाखला दुसऱ्या बाईचा आहे. पासपोर्टात मालती, इथे ठकू."

लग्नात तांदळात अंगठीनं लिहून सासरी माझं नाव मालती ठेवलं होतं. पण दाखला माहेरी काढलेला, आणि आबांनी टोचणाऱ्या बाबूला लेकीचं नाव सांगितलं होतं. इंग्रजी वाचता येतं कुणाला? आमच्याकडे बायकांना दोन नावं असतात, हे त्या डॉक्टरला कसं कळावं. तो म्हणाला, उतरता येणार नाही, बोटीबरोबर पुढे जा.

"नवऱ्याचं नाव सांग," नर्सबाई म्हणाली. "खालून बोलावून घेऊ."

मी डॉक्टरच्या कोटाची बटणं मोजू लागले. नवऱ्याचं नाव कधी जिभेवर घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं तेवढंच, नगरला नणंदेनं दार अडवलं होतं तेव्हा. डॉक्टर संशयानं बघू लागला. दोन नावांची बाई, तीही नवऱ्याचं नाव न सांगणारी. मग मला दिसलं, की हेही दार अडवणंच आहे. नाव घेतल्याशिवाय आत कोण घेतं? मी पदर सारखा केला आणि म्हणाले,

"सुईत ओवला दोरा, दोऱ्याला मारली गाठ,
सहादूरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

नर्सबाईला हसू आवरेना. डॉक्टरला तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं माझ्या दंडावरचा देवीचा ताजा वण बघितला आणि खाली माणूस पाठवला.

हे वर आले. वाळले होते, पण हेच होते. डॉक्टरनं कागद लपवून बायकोचं नाव विचारलं. "मालती." आणखी काही नाव? मला वाटलं, संपलं. माहेरचं नाव सासरच्या उंबऱ्यापाशीच सुटतं, ह्यांना ते कशाला आठवेल? माझ्याकडे बघून हे हळूच म्हणाले, "ठकू. सासऱ्यांच्या पत्रात असतं." डॉक्टरनं दाखल्यावर दोन्ही नावं लिहिली, सही केली. मी तिथेच रडले. वेशीवर रडायचं राहिलं होतं ते सगळं.

याला तीन वर्षं झाली. आता मी बाजारात अरबीत घासाघीस करते, शिवलेल्या कोटांना काजं करते, आणि इथल्या पावाला भाकरीची सर नाही म्हणून रोज कुरकुरते. तिसगावला माहेरी जायचं म्हणून परवा नवा दाखला काढला, जुन्याची मुदत संपली. नाव विचारल्यावर मी दोन्ही सांगितली.

आबा, तुम्ही अजून प्रत्येक पत्रात लिहिता, माझ्या चुकीनं पोरीची वाट अडली. ते लिहू नका. तुम्ही मालती सांगितलं असतं, तर मी सुखानं उतरले असते आणि ठकू तिसगावच्या वेशीतच राहिली असती. इथे हे संध्याकाळी दुकानातून येतात आणि जिन्यातूनच हाक मारतात, "ठके, दार उघड." मी उघडते.