सरकलेलं कडं

गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. बॉनेटवर कान टेकवून तो इंजिनाचं दुखणं सांगतो, अशी त्याची ख्याती होती, आणि ती बहुतांशी त्यानेच पसरवली होती. बायको शाळेच्या मुलांची ने-आण करायची ती जुनी व्हॅन उभ्या उभ्या थरथरायला आणि किंचाळायला लागली, तेव्हा त्याने डोळे मिटून निकाल दिला: पट्टा. नवा पट्टाही तीन आठवड्यांत किंचाळला. मग त्याने बेअरिंग बदललं. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पाहिलं, तर पट्टा फिरवणाऱ्या पुलीवरची खूण चक्क पुढे गेलेली. आपल्याइतकं बारीक कुणी बघत नाही, असं मनाशी म्हणत त्याने खुणेला खूण जुळवून टायमिंग फिरवलं. गुरुवारी व्हॅन अकरा मुलांसकट चढावर बंद पडली.

बायको चिडली नाही, हेच वाईट. शनिवारपर्यंत मुलं मैत्रिणीच्या गाडीतून जातील, म्हणाली. तोवर दोष सापडला नाही तर रविवारी व्हॅन भाऊजींच्या गॅरेजात. भाऊजी म्हणजे कानसेनचा धाकटा भाऊ, ज्याला पाना धरायला यानेच शिकवलं होतं. घरचीच गाडी भावाच्या दारात उभी राहिली, तर गिऱ्हाइकांनी आपल्याकडे यायचं तरी का?

शनिवारी त्याने नाइलाजाने कान बाजूला ठेवून डोळे वापरले. क्रँकच्या टोकाला बॅलन्सर पुली असते, टायमिंगची खूण असलेली तीच. आत लोखंडी बूड, बाहेर जड कडं आणि मधे रबर. इंजिनाचे सगळे हादरे ते रबर मुकाट्याने पोटात घालतं. त्याने बुडापासून कड्यापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली आणि इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते. कड्यावरचा बोटभर पुढे सरकला होता. म्हणजे कड्यावरची खूणच खोटी होती, आणि या शहाण्याने तिच्यावर विसंबून धडधाकट टायमिंग बिघडवलं होतं. रबर तेलाने फुगून लिबलिबीत झालं होतं. तेल ते अडवणाऱ्या सीलमधूनच झिरपत होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोने ते दाखवलं, तेव्हा एवढं तर गळायचंच, असं यानेच ठणकावून सांगितलं होतं.

स्वतःला दोन सणसणीत शिव्या घालून तो पुली उपसायचा पुलर मागायला भावाकडे निघाला. वाटेत दोनदा परत फिरला. भावाने काही न विचारता फळीवरून पुलर काढला, आणि शेजारचं खोकंही. खोक्यात नवी बॅलन्सर पुली आणि सील होतं.

"गुरुवारी चढावरून वहिनी गाडी कशीबशी चालू करून इकडेच आली होती," भाऊ म्हणाला. "मी पाहिलं आणि पुलीचा दोष सांगितला. तर म्हणाली, भाऊजी, तुम्ही बोलू नका. ह्यांना शनिवारपर्यंत सापडेल."

"आणि नसतं सापडलं तर?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, सापडेल."

एवढा भरवसा कानसेनचा स्वतःवरही नव्हता.

घरी बायकोने विचारलं, काय निघालं? माझंच चुकलं, तो म्हणाला, आणि खडूची रेघ दाखवत त्याने तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिनेही ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.