डॉक्टर सांगतील

अठ्ठावीस वर्षं एकाच अंधाऱ्या खोलीत काढल्यावर माणूस थकणारच. दवाखान्यातल्या या एक्स-रेवाल्यांना सगळे ‘फोटोवाले’ म्हणत. शिशाच्या ॲप्रनच्या ओझ्यानं त्यांचे खांदे कामातून गेले होते, आणि तोंडाची दिवसभर तीच टकळी: “श्वास घ्या, रोखून धरा, सोडा.”

किरण मांसातून आरपार जातात, हाडापाशी अडतात. जाताना अंगाचं काय करून जातात ते मात्र कळत नाही. म्हणून छातीवर बिल्ला लावायचा, कितीसे किरण लागले ते त्यावरून मोजत. फोटोवाले बिल्ला हमखास घरी विसरत आणि बायको तो घेऊन दवाखान्यात हजर होई. “किरणांना तुमची दया येणार आहे का?” चारचौघांत दटावायची.

फोटोत काय दिसलं ते सांगायचं नाही, असा नियम. पण यांना राहवायचं नाही. फोटो स्वच्छ असला की हळूच म्हणत, “निवांत घरी जा.” नसला की, “डॉक्टर सांगतील.” ही गोम फक्त बायकोला ठाऊक होती.

ती महिनाभर खोकत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणि आज यांनीच तिला यंत्रापुढे उभं केलं. थंडगार पाटीला छाती टेकत ती कुरकुरली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा फोटो काढताय, तोही पाठमोरा!”

ते कसंबसं हसले. तिलाही निवांत घरी जा म्हणता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. भिंतीआड जाऊन ते म्हणाले, “श्वास घे. रोखून धर.” बटण दाबलं.

पडद्यावर फोटो उमटला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, आत हवाच असते. उजवीकडे लिंबाएवढा पांढरा गोळा होता. आयुष्यभर हिनं माझ्या बिल्ल्याची काळजी केली, मी हिच्या छातीत कधी डोकावलो नाही, या विचारानं त्यांना भडभडून आलं.

‘सोड’ म्हणायचं राहूनच गेलं. ती बिचारी श्वास कोंडून उभी, शेवटी खोकल्याची उबळ आली तेव्हा ते भानावर आले.

खोटं का होईना, ‘निवांत घरी जा’ म्हणायचंच, असं ठरवून ते बाहेर आले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ॲप्रनवरचा तिरका झालेला बिल्ला नीट केला.

“तुम्ही नका काही बोलू,” ती म्हणाली. “डॉक्टर सांगतील.”