रोल्ला ते ताकायामा, व्हाया रुवैस

शारजात चार मराठी मंडळी आमच्याकडे जेवायला जमली की ताक येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "मेधा, ते जपानचं सांग ना!" मग मी एक सांगते, त्यातून दुसरा आठवतो, आणि ऐकणारे पुढच्या वेळी माझ्या किश्शात स्वतःची भर घालून मलाच ऐकवतात. म्हणून हे अस्सल, माझ्या डोळ्यांसमोर घडलेले.

आमचं ट्रॅव्हल ऑफिस शारजाच्या रोल्ला भागात होतं. दोन टेबलं, एक फॅक्स, आणि मालक इब्राहिमभाई, श्रीवर्धनचे. मी पुण्यात जपानी शिकलेली, लग्न होऊन शारजात आलेली. इंटरव्ह्यूला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मला जपानी येतं."

इब्राहिमभाई म्हणाले, "वा! आणि टायपिंग?"

टायपिंगवर नोकरी मिळाली!

*

दोन हजार सालाच्या सुमारास आजूबाजूची सगळी दुकानं मोबाइलची होऊ लागली. इब्राहिमभाई रोज म्हणायचे, "मेधाताई, एक मोठा ग्रुप मिळाला नाही तर आपणपण मोबाइल विकू."

अशात अबुधाबीकडच्या रुवैसहून साठेसाहेबांचा फोन आला. रिफायनरीत इंजिनियर. त्यांच्याबरोबर काम करणारा एक जपानी इंजिनियर सारखं आपल्या गावाचं वर्णन करायचा. डोंगर, सुतारांच्या गल्ल्या, साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणारी जुनी घरं. गावाचं नाव ताकायामा. साठ्यांच्या ग्रुपमधल्या अकरा जणांना तेच बघायचं होतं, पण दुबईतले मोठे एजंट त्यांना टोकियोच्या बाहेर न्यायला तयार नव्हते.

मी तिथल्या एका छोट्या लॉजच्या मालकीणबाईंना हाताने जपानीत लिहून फॅक्स केला. रात्रभर झोप नाही. सकाळी उत्तर हजर! खोल्या मिळाल्या होत्या, दरही कमी. खाली एक ओळ होती. मी मोठ्याने भाषांतर केलं, "तुमचं अक्षर तिसरीतल्या मुलीसारखं आहे, त्यामुळे आम्ही तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो."

इब्राहिमभाई खूश. "टायपिंग खलास! यापुढे सगळं हाताने!"

*

ग्रुप घेऊन मी आणि इब्राहिमभाई दोघंही गेलो. ताकायामात सकाळी नदीकाठी बाजार भरतो. शेतकरी म्हाताऱ्या घरची लोणची घेऊन बसतात. साठेवहिनींनी लाल सलगमाच्या लोणच्याचं पाकीट उचललं. "तीनशे येन, म्हणजे दहा दिरहम, म्हणजे सव्वाशे रुपये! सलगमाला?"

मी भाव करायला पुढे झाले. तोवर वहिनींनी पर्समधून लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली काढली होती. म्हातारीने एक फोड तोंडात टाकली. डोळे मिटले. मग आपल्याकडची तीन पाकिटं वहिनींच्या पुढ्यात ठेवली. वहिनींनी एक बोट वर केलं, अजून एक हवं. म्हातारीने बाटलीकडे बोट दाखवलं, पूर्ण द्या.

मी म्हटलं, "वहिनी, काय सांगू त्यांना?"

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो गं, मध्ये मध्ये करू नकोस!"

त्यांची मुलगी केतकी म्हणाली, "Mummy doesn't need Japanese. She needs a bigger bag."

*

तिथे लाल कापडाची एक बाहुली मिळते. तिला चेहराच नसतो. नाक नाही, डोळे नाहीत. आमच्या ग्रुपमधले सगळे ती उलटसुलट करून पाहत होते. मी समजावत होते की ही शुभ मानतात, आजी नातीसाठी शिवते वगैरे.

इब्राहिमभाईंनी बाहुली हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या अम्मीला घरात चेहऱ्याच्या बाहुल्या खपत नसत. नात बाहुलीसाठी रडून रडून थकली होती.

"मेधाताई, ही चालेल! अम्मीला बघत बसू दे, नाक सापडणार नाही!"

पाच घेतल्या. परत आल्यावर अम्मींनी त्यातली एक स्वतःच्या उशाशी ठेवली.

*

साकेच्या घराच्या दारावर देवदाराच्या हिरव्या पानांचा मोठा गोळा टांगलेला असतो. नवी साके तयार झाली की तो टांगतात. पानं हळूहळू तपकिरी होतात, तोवर आत साके मुरत असते.

"म्हणजे लोणच्यासारखंच की!" वहिनी म्हणाल्या.

सगळे आत चव घ्यायला गेले. इब्राहिमभाई दाराबाहेर उभे. "तुम्ही जा, आपलं काम इथपर्यंतच."

पाहुणा बाहेर उभा आहे हे पाहून साकेघराच्या मालकीणबाई कासावीस. मी कारण सांगितलं. त्या आत गेल्या आणि साकेच्याच पेल्यात विहिरीचं पाणी घेऊन आल्या. याच पाण्याची साके होते, म्हणाल्या. इब्राहिमभाईंनी मला तीनदा विचारलं, "नक्की पाणीच ना?" मग एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. पेला रिकामा करून पुढे केला.

"यांना सांगा, असं पाणी मी फक्त आमच्या श्रीवर्धनच्या विहिरीचं प्यायलोय. जिभेवर गोड लागतं, घशात थंड राहतं."

मी सांगितलं. बाई धावत आत गेल्या आणि नवरा, दीर, सासरे सगळ्यांना घेऊन आल्या! सासरे म्हणाले, "साकेची तारीफ सगळे करतात. पाणी ओळखणारा हा पहिला."

निघताना बाकीच्यांना एकेक छोटी बाटली मिळाली. इब्राहिमभाईंना पाच लिटरचा कॅन! वर साकेवाल्यांचं लेबल.

दुबईच्या एअरपोर्टवर ऑफिसरने तो उघडायला लावला. वास घेतला. पुन्हा घेतला. "पाणी? जपानहून पाणी आणलंस?"

"नो हबीबी," इब्राहिमभाई छाती पुढे काढून म्हणाले, "टेस्ट ऑफ श्रीवर्धन!"

*

आता शेवटचा. ग्रुपमध्ये एक गणपत चितारी होते. मूळचे सावंतवाडीचे, दुबईच्या जबल अली बंदरात पॅकिंगची लाकडी खोकी बनवणाऱ्या वर्कशॉपचे फोरमन. जपानहून आलेली खोकी वर्षानुवर्षं उघडून त्यांचे सांधे बघत आलेले. वीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने "कुठलंही एक तिकीट" दिलं, तेव्हा त्यांनी घरी जायचं सोडून जपान मागितलं आणि ते आमच्या ग्रुपला येऊन मिळाले. बायको दोन महिने बोलली नव्हती!

ताकायामात एका म्हाताऱ्या सुताराकडे, ओनोसानांकडे गेलो. ते रंधा मारत होते. आपल्याकडे रंधा पुढे ढकलतात, तिथे स्वतःकडे ओढतात. चितारी बराच वेळ हाताची घडी घालून बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "ताई, तेंका इचारा, माका एकदा रंधो मारूक दितत काय?"

ओनोसानांनी रंधा दिला. चिताऱ्यांनी सवयीने ढकलला. रंधा अडकला, फळीला ओरखडा गेला. आमच्यातलेच दोघे हसले. चितारी लाल झाले. मला वाटलं, आता रंधा ठेवून देतील.

त्यांनी बूट-मोजे काढले. सरळ जमिनीवर बसले, फळी पायाच्या अंगठ्यांनी दाबून धरली आणि रंधा स्वतःकडे ओढला. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाकडाची सलग साल निघाली, कुठे तुटली नाही. ओनोसानांनी ती उचलून उजेडात धरली, तर पलीकडून त्यांची बोटं दिसत होती!

त्यांनी विचारलं, "कुणाकडे शिकलात?"

"बापाशीकडे."

"ते कुठे असतात?"

"सावंतवाडीक होते. आता नाय."

मी सांगितलं. ओनोसान उठले, डोक्याला बांधलेला पंचा सोडला आणि मला विचारलं, "इंडिया कुठल्या दिशेला?"

मी गडबडून खिडकीकडे हात केला. ओनोसान खिडकीकडे वळले आणि कमरेत वाकून त्यांनी खूप वेळ नमस्कार केला.

चितारी माझ्या कानाशी आले. "ताई, ती उगवत. सावंतवाडी मावळतीक."

आणि ओनोसानांच्या शेजारी उभे राहून, हात जोडून, तेही उगवतीकडेच वळले.